फोन कोणाचा, काम कोणाचं

ऑगस्ट २०२१ मध्ये महाराष्ट्रातल्या अंगणवाडी सेविकांनी सरकारने दिलेले मोबाइल सरकारलाच परत केले. बाल विकास प्रकल्प कार्यालयांसमोर रांगा लागल्या, टेबलांवर फोनचे ढीग जमले. राज्यात असे लाखाहून अधिक फोन वाटलेले होते. ते २०१९ च्या सुमारास हाती आले होते, पॅनासॉनिक कंपनीचे, दोन जीबी रॅमचे. वॉरंटी संपलेली, बॅटऱ्या फुगलेल्या, स्क्रीन तडकलेले. दुरुस्तीला नेला की बिल हजारांत, आणि ते भरायचं सेविकेने. तेव्हा तिचं मानधन होतं महिन्याला आठ हजार रुपयांच्या आसपास.

त्याच वर्षी १ मार्चपासून केंद्राचं ‘पोषण ट्रॅकर’ हे ॲप आलं होतं. आधीचं सॉफ्टवेअर बंद झालं आणि गरोदर माता, स्तनदा माता, सहा वर्षांपर्यंतची मुलं, त्यांचं वजन, उंची, हजेरी, आहार असं सगळं या नव्या ॲपवर भरायचं ठरलं. दोन जीबीच्या फोनला ते पेलेना. माहिती भरायची इंग्रजीत, आणि भरणाऱ्या बाया मराठी शाळेत दहावी-बारावी झालेल्या. भाषेचा आणि फोनचा हा वाद पुढे मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेला.

फोन परत करणं हे आंदोलन होतं, पण त्यातला तांत्रिक मुद्दा कुठल्याही मोठ्या कंपनीच्या संगणक विभागाने मन लावून ऐकावा असा होता. यंत्र तुम्ही दिलंत, ॲप तुम्ही दिलंत, आणि दोन्ही एकमेकांशी जुळत नाहीत. तेव्हा एक तर यंत्र बदला, नाही तर ॲप हलकं करा. यावर खालच्या पातळीवरून जे उत्तर येऊ लागलं, त्याने या लेखाचा विषय जन्माला घातला. स्वतःच्या मोबाइलवर भरा, असं सेविकांना सांगितलं जाऊ लागलं. संघटनांनी विरोध केला, मानधन अडण्याची भीती होती, आणि घरोघरचे खासगी फोन सरकारी कामाला जुंपले गेले.

यातला काळाचा योग नोंदवून ठेवण्यासारखा आहे. फोन परत होण्याच्या महिनाभर आधी, २३ जुलै २०२१ रोजी, राज्याच्या सामान्य प्रशासन विभागाने कर्मचाऱ्यांना कार्यालयीन वेळेत खासगी मोबाइलचा वापर आवश्यक तेवढाच करा, शक्यतो कार्यालयातला दूरध्वनी वापरा, अशा सूचना दिल्या होत्या. मंत्रालयाला खासगी मोबाइल हा शिस्तीचा प्रश्न वाटत होता, आणि त्याच महिन्यांत गावातलं सरकारी काम मात्र त्याच खासगी मोबाइलवर उभं राहत होतं.

उदाहरण म्हणून वर्धा जिल्हा घेऊ. तालुके आठ : वर्धा, सेलू, देवळी, हिंगणघाट, समुद्रपूर, आर्वी, आष्टी, कारंजा. पैकी आर्वी-आष्टी-कारंजाचा पट्टा डोंगराळ, सेलूच्या बाजूला बोरचं जंगल. हिंगणघाट-समुद्रपूरकडे कापसाची काळी माती. या मुलखात पोषण आहार वाटपाचा दिवस कसा जातो, ते जवळून पाहिलं तर अडचण नीट कळते.

घरी न्यायच्या आहाराची पाकिटं अंगणवाडीत येऊन पडलेली असतात. पूर्वी रजिस्टरवर सही किंवा अंगठा घेतला की पाकीट हातात जायचं. १ जुलै २०२५ पासून केंद्राने या आहारासाठी चेहरा ओळखून नोंद करणं सक्तीचं केलं. म्हणजे आधी लाभार्थी बाईचं आधार जोडून ई-केवायसी करायची. त्यासाठी ओटीपी येतो आधारला जोडलेल्या नंबरवर. तो नंबर बहुतेक घरांत नवऱ्याचा असतो, आणि नवरा असतो वावरात, नाही तर नागपूर-पुण्याला कामावर. त्याला फोन लावायचा, त्याने उचलायचा, मेसेज वाचून आकडे सांगायचे, तोवर ओटीपीची मुदत संपून जाते. पुन्हा पाठवायचा. तो आला तर कॅमेरा उघडायचा, बाईने समोर धरून डोळे मिचकावायचे. अंगणवाडीची खोली अंधारी असेल तर फोटो जुळत नाही, म्हणून सगळ्यांनी ओट्यावर उन्हात यायचं. बाळंतपणानंतर चेहरा उतरलेला असतो, जुना फोटो आणि आत्ताचा चेहरा यांचा मेळ बसत नाही. मग चाक फिरत राहतं. रेंज गेली तर सगळं पहिल्यापासून. कडेवरचं लेकरू रडतं, बाहेर निंदणाला जायची वेळ टळून गेलेली असते, आणि रांगेतली बाई चिडते ती सेविकेवर. ॲप बनवणारा तिच्यासमोर नसतो.

या क्षणी फोन अडकला तर सेविकेने कोणाला विचारायचं? पोषण अभियानाचा मदत क्रमांक आहे. वर पर्यवेक्षिका आहेत, पण त्यांच्याकडे एकेका बीटमध्ये कितीतरी अंगणवाड्या, आणि त्यांनाही कोणी तंत्रज्ञ दिलेला नाही. प्रत्यक्षात सेविकेचा मदतकक्ष म्हणजे तिचा कॉलेजात जाणारा मुलगा, शेजारच्या गावातली जरा चटपटीत सहकारी बाई, व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर टाकलेला स्क्रीनशॉट, किंवा तालुक्याच्या बसस्टँडजवळचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान. मुलगा सांगतो, स्टोरेज फुल आहे, फोटो उडव. ती लग्नाचे फोटो उडवते. तो सांगतो, ॲप काढून पुन्हा टाक. ती टाकते, आणि पाठवायची राहिलेली माहिती त्यात गेली तर काय, या धास्तीने रात्रभर झोपत नाही. म्हणूनच बऱ्याच ठिकाणी कागदी रजिस्टरही सुटलेलं नाही. एकच काम दोनदा.

मोठ्या कंपन्यांना हा प्रश्न नवा नाही. २००७ मध्ये आयफोन आला, त्यानंतर दोन-तीन वर्षांतच अमेरिका-युरोपातले कर्मचारी कंपनीने दिलेला ब्लॅकबेरी बाजूला सारून स्वतःचे फोन कार्यालयात आणू लागले. त्यावर ऑफिसची मेल हवी, फायली हव्यात. संगणक विभागाची झोप उडाली. आधी एकाच बनावटीची हजार यंत्रं सांभाळायची होती, आता हजार बनावटींची हजार यंत्रं. कुणाचं सॉफ्टवेअर जुनं, कुणाच्या फोनला लॉक नाही, कुणाचा फोन टॅक्सीत राहिला. त्यातून हळूहळू रीत बसली. २०१४ मध्ये आलेल्या अँड्रॉइडच्या पाचव्या आवृत्तीपासून एकाच फोनमध्ये दोन कप्पे करता येऊ लागले, एक घरचा आणि एक कामाचा. फोन हरवला तर कंपनी कामाचा कप्पा दुरून पुसू शकते, पोराबाळांचे फोटो मात्र तसेच राहतात. कोणते फोन चालतील याची यादी, मदतीला बसलेली माणसं, नोकरी सोडताना काय पुसायचं याचा नियम, हे सगळं आलं. पुण्याच्या हिंजवडीत काम करणाऱ्या मुलीला या गोष्टी रुजू होतानाच समजावून सांगतात. तिची आई आष्टी तालुक्यात अंगणवाडी चालवत असेल, तर तिच्या फोनमध्ये साऱ्या गावाची माहिती असूनही तिच्यासाठी यातलं काहीच नाही.

खर्चाच्या बाजूनेही बाहेर बराच विचार झाला आहे. कॅलिफोर्नियातल्या अपील न्यायालयाने ऑगस्ट २०१४ मध्ये श्वान्स होम सर्व्हिस या कंपनीविरुद्धच्या खटल्यात निकाल दिला, की कामासाठी स्वतःचा फोन वापरावा लागत असेल तर बिलाचा वाजवी वाटा मालकाने द्यायलाच हवा. कर्मचाऱ्याचं पॅकेज अमर्याद असेल आणि कामाच्या फोनमुळे त्याचा एक पैसाही जास्त गेला नसेल, तरीही. आपल्याकडे नेमकी हीच सबब दिली जाते : नेटचा पॅक तुम्ही मारताच, त्यातच होतं की काम. जुलै २०२४ मध्ये जिओ, एअरटेल आणि व्हीआय या तिन्ही कंपन्यांनी दर वाढवले तेव्हा हा पॅकही महागला. रिचार्जचे पैसे उशिरा येतात किंवा येतच नाहीत, ही संघटनांची जुनी तक्रार आहे.

कोणी म्हणेल, आपल्याकडे काम करणारा आपलं हत्यार आपणच आणतो. कापूस वेचायला येणारी बाई ओटी घरून आणते, सोंगणीला येणारा गडी विळा आणतो, त्याचं भाडं कोणी मागत नाही. हा युक्तिवाद मी गंभीरपणे घेतो, कारण गावात तो मनापासून केला जातो. पण विळा शेतमालकाच्या हुकमाने दर महिन्याला बदलावा लागत नाही. विळ्याला कॅमेरा आणि लोकेशनची परवानगी द्यावी लागत नाही. आणि विळा धार लावायला लोहाराकडे दिला, तर त्यात गावातल्या गरोदर बायांची नावं, आधार क्रमांक आणि मुलांची वजनं लोहाराच्या हाती जात नाहीत.

मला या साऱ्या प्रश्नात सर्वांत मोठी काळजी वाटते ती इथे. घरचा फोन एकटीचा कधीच नसतो. संध्याकाळी पोरगा त्यावर गेम खेळतो, नवरा बाजारभाव पाहतो, पुतण्या व्हिडिओ पाहतो. दुरुस्तीच्या दुकानात फोन टाकताना दुकानदार पासवर्ड मागून घेतो, कागदावर लिहून मागे चिकटवतो. गेल्या दोन-तीन वर्षांत लग्नपत्रिका, वाहनाचं चलान, पीएम किसानचा हप्ता अशा नावांनी एपीके फाइली व्हॉट्सॲपवर फिरल्या. त्यावर बोट लागलं की फोनचा ताबा चोरांकडे जातो. काम घरच्या फोनवर होतं तिथे असा फोन आणि गावाच्या मातांची नोंद ठेवणारा फोन एकच असतो. वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदा ऑगस्ट २०२३ मध्ये झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले. माहिती कशासाठी आणि कशी वापरायची हे जो ठरवतो, सुरक्षेची जबाबदारी त्याची, असं या कायद्याचं सूत्र आहे. सुरक्षेत हयगय झाली तर अडीचशे कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. सेविका हे काहीच ठरवत नाही. तिला ॲप मिळतं, रकाने मिळतात, तारीख मिळते. पण उद्या तिच्या फोनमधून काही बाहेर गेलं, तर पहिली नोटीस तिलाच येईल अशी तिला धास्ती आहे, आणि ती धास्ती निराधार आहे असं सांगणारा एकही लेखी कागद तिच्या हाती कोणी दिलेला नाही.

अंगणवाडीवर मी रेंगाळलो, कारण तिथे सगळं एकवटलं आहे. पण पंचायत समितीच्या आवारात अर्धा तास उभं राहिलं तर कळतं, की हा प्रश्न एका खात्याचा नाही. ग्रामरोजगार सेवकाने रोजगार हमीच्या कामावरची हजेरी एनएमएमएस या ॲपवर घ्यायची. हे ॲप मे २०२१ मध्ये आलं, १ जानेवारी २०२३ पासून जवळजवळ सर्व कामांवर सक्तीचं झालं. सकाळी एक, दुपारी एक, असे दिवसातून दोन फोटो जागेच्या अक्षांश-रेखांशासह. पाणंद रस्त्याच्या कामावर फोन बंद पडला, दुसरा फोटो चढला नाही, तर मजुराची दिवसाची मजुरी धोक्यात. म्हणजे एका माणसाच्या खासगी फोनची बॅटरी उतरली, त्याची किंमत वीस मजूर देतात. जुलै २०२५ मध्ये खुद्द केंद्रीय ग्रामविकास मंत्रालयानेच परिपत्रक काढून सांगितलं, की ॲपवर फोटोचेच फोटो चढवले जात आहेत, भलतीच चित्रं येत आहेत. गैरव्यवहार थांबवायला आणलेल्या साधनाला जमिनीवर नीट आधार दिला नाही, की गैरव्यवहाराला नवी वाट मिळते आणि प्रामाणिक रोजगार सेवक मात्र टेकडीवर चढून रेंज शोधत बसतो.

महसूल विभागाने २०२५ मध्ये ‘फेस ॲप’वर हजेरी सक्तीची केली. तलाठ्याचं, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याचं, हजेरीपुस्तक त्याच्या फोनमध्ये गेलं. शिक्षकांना विद्यार्थ्यांची हजेरी चॅटबॉटवर नोंदवायला सांगितली गेली. आशा सेविकांनी ऑक्टोबर २०२३ मध्ये ऑनलाइन कामावर बहिष्कार टाकला होता, त्यामागेही हेच एक कारण होतं : फोन आमचा, नेट आमचं, वेळ आमचा, आणि मोबदल्याचा पत्ता नाही. ई-पीक पाहणीत तर १५ ऑगस्ट २०२१ पासून शेतकऱ्यालाच आपल्या फोनवर पीक नोंदवायला लावलं. कपाशी आणि तुरीच्या वावरात उभं राहून फोटो काढायचा, आणि तो चढला नाही तर विमा आणि मदत दोन्ही टांगणीला. शेतकरी काही सरकारचा नोकर नाही, म्हणून त्याची गोष्ट वेगळी लिहायला हवी. इथे एवढंच, की त्याचा फोन अडला तर तो जातो तलाठ्याकडे, आणि तलाठी स्वतःच्याच फोनशी झगडत असतो.

लाडकी बहीण योजनाही घ्या. जुलै २०२४ मध्ये अर्ज सुरू झाले तेव्हा ‘नारीशक्ती दूत’ ॲपवर लोक तुटून पडले. दिवसा सर्व्हर चालेना, म्हणून सेविका रात्री अकरानंतर, पहाटे चार-पाचला उठून अर्ज भरत होत्या. पात्र अर्जामागे पन्नास रुपये प्रोत्साहन ठरलं होतं. राज्याच्या इतिहासातली एवढी मोठी नोंदणी काही आठवड्यांत झाली, आणि तिचा बराचसा भार गावोगावच्या बायांच्या हातातल्या फोनने वाहिला. त्या महिन्यांत किती जणींचे फोन कायमचे गेले, याचा हिशेब कोणत्याही खात्याने मांडला नाही. तो मांडायला हवा होता. धान्याच्या गोदामात किती पोती भिजली हे आपण मोजतो, मग काम करणाऱ्यांच्या खिशाला लागलेली तोशीस का मोजू नये?

याच जिल्ह्यात एक मालक असाही आहे, ज्याने खासगी फोनचा प्रश्न दुसऱ्या टोकाने सोडवला. पुलगावला लष्कराचं केंद्रीय दारूगोळा भांडार आहे. जुलै २०२० मध्ये भारतीय लष्कराने आपल्या सर्व अधिकाऱ्या-जवानांना फेसबुक, इन्स्टाग्रामसह ८९ ॲप स्वतःच्या फोनवरून काढून टाकायला सांगितली. एका अधिकाऱ्याने दिल्ली उच्च न्यायालयात दाद मागितली, ती फेटाळली गेली. या आदेशाबद्दल वाद होऊ शकतो. पण कर्मचाऱ्याच्या खिशातला फोन हाही आपल्या जबाबदारीच्या कक्षेत येतो, एवढं तरी त्या मालकाने उघडपणे कबूल केलं. नागरी प्रशासन फोन वापरून घेतं आणि जबाबदारी आली की तो तुमचा खासगी फोन आहे म्हणतं.

याच जिल्ह्यातल्या सेवाग्रामला जाणारे लोक बापू कुटी पाहतात, जवळच्या दफ्तरातही डोकावतात. तिथे साप पकडायच्या पिंजऱ्याच्या जोडीला एक जुना टेलिफोन आहे. गांधीजी ३० एप्रिल १९३६ ला शेगावात राहायला आले, पुढे १९४० मध्ये त्या गावाचं नाव सेवाग्राम झालं. एवढ्या आडगावात त्यांच्याशी तातडीने बोलता यावं, ही गरज व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांच्या सरकारची होती. म्हणून तो टेलिफोन सरकारने बसवला. संपर्क ज्याला हवा, यंत्र त्याने द्यायचं, हा साधा व्यवहार त्या परक्या सरकारलाही मान्य होता. वर्धा शहरातून आठ किलोमीटरवर ती वस्तू ठेवलेली आहे, आणि जिल्हा परिषदेच्या प्रत्येक आढावा बैठकीला जाणाऱ्यांनी ती एकदा नीट पाहावी असं मला मनापासून वाटतं.

सेविकांच्या लढ्याला काही फळ आलं, हे सांगायलाच हवं. २५ एप्रिल २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अंगणवाडी सेविका-मदतनीसांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे असा निकाल दिला. फेब्रुवारी २०२३ च्या संपानंतर राज्याच्या अर्थसंकल्पात सेविकेचं मानधन ८,३२५ वरून १०,००० रुपये झालं, मदतनीसाचं ४,४२५ वरून ५,५००. ४ डिसेंबर २०२३ ला पुन्हा संप झाला, तो दीड महिन्याहून अधिक चालला. आणि २०२४ च्या सुमारास नवे सरकारी फोन हाती येऊ लागले. आधीच्यांपेक्षा हे बरेच बरे आहेत.

पण २०१९ चे फोन दोन वर्षांतच परत करावे लागले होते, आणि त्या वेळी चूक फक्त फोनच्या ताकदीची नव्हती. खरेदी झाली, वाटप झालं, फोटो छापून आले. दुरुस्ती, बदली आणि शिकवणं यांची कायमची सोय मात्र लावून दिली गेली नाही. आताही चेहरा ओळखण्याचं काम वाढलं आहे, ॲप दर काही आठवड्यांनी अद्ययावत होतं, आणि प्रत्येक वेळी ते फोनकडून आधीपेक्षा जास्त मागतं. नव्या फोनची वॉरंटी संपेल तेव्हा काय, हे आजच ठरायला हवं. पुढच्या खरेदीच्या निविदेत फोनइतकाच दुरुस्तीचा करार असावा. प्रत्येक पंचायत समितीत बदली म्हणून वापरायला थोडे फोन आणि मराठीत बोलणारा, हातात फोन घेऊन बघणारा एक माणूस बसावा. ज्या कामाला सरकारी फोन दिलेला नाही, त्या कामासाठी खासगी फोन वापरायला लावला तर दर महिन्याला ठरलेली रक्कम मानधनासोबत जमा व्हावी, आणि फोन बंद असल्यामुळे राहिलेली नोंद कागदावर ग्राह्य धरली जावी, असा लेखी आदेश निघावा. रोजगार सेवक, आशा, शिक्षक यांनाही तोच नियम. यातल्या कशालाही केंद्राच्या परवानगीची वाट पाहावी लागेल असं मला वाटत नाही. जिल्हा परिषदेने स्वतःच्या निधीतून दोन तालुक्यांत सुरुवात केली तरी वर्षभरात फरक दिसेल.

ते दोन तालुके आष्टी आणि कारंजा असावेत. जिल्ह्याचं ठिकाण तिथून सर्वांत लांब पडतं. मार्च २०२३ पासून एसटीत बायांना अर्धं तिकीट आहे हे खरं, पण बिघडलेला फोन घेऊन वर्ध्याला जाऊन यायचं म्हटलं तर सेविकेचा अख्खा दिवस जातो, आणि त्या दिवशी अंगणवाडी मदतनीस एकटीच चालवते.